तलवार, तराजू, तंबोरा: एका सोयीच्या सिद्धान्ताचा प्रतिवाद

महापालिकेच्या पाटीवर सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन नावं १९९८ पासून एका ओळीत आहेत. पाटी एक झाली, पण मनातली वाटणी मोडली नाही. सांगली व्यापाराची, मिरज गाण्याबजावण्याची आणि कुपवाड एमआयडीसीचं. स्मरणिका काढा, व्याख्यानमाला भरवा, बाहेरच्या पाहुण्याला जिल्ह्याची ओळख करून द्या, हीच वाटणी पुढे येते. पहिल्या दोघींना इतिहास, तिसऱ्याला प्लॉट नंबर. पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत कुपवाडचं नाव ठळक टाइपात आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी इथे अमली पदार्थांचा साठा पकडला तेव्हा.

या वाटणीमागे एक सिद्धान्त आहे आणि तो सुशिक्षितांच्या तोंडी फार सफाईने येतो. समाज म्हणे पायरी पायरीने वर चढतो. आधी लढाया होतात आणि राज्य स्थिरावतं. मग बाजार भरतो, पैसा खेळू लागतो. पोटं भरली की लोक गातात, नाटकं करतात. तलवार, मग तराजू, मग तंबोरा, असं अनुप्रासात बसवलं की टाळ्याही पडतात. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात साधारण अशीच चढण मांडली होती. पण त्याने निदान पुढचंही सांगितलं, की वर पोचलेली माणसं ऐषारामात सैल पडतात आणि राज्य कोसळतं. आपल्या वक्त्यांनी तेवढं वगळलं. सत्कार समारंभात ते शोभत नाही.

माझं म्हणणं असं की हा जिना मुळात अस्तित्वातच नाही. त्यासाठी ग्रीस-रोमपर्यंत जायला नको. कुपवाडच्या नाक्यावरून निघून संध्याकाळपर्यंत घरी परत येता येईल एवढ्या टापूतच तो मोडून पडतो.

पायऱ्यावाल्यांचा लाडका पुरावा मिरजेचा. तिथली शिकलगार घराणी हत्यारं घडवायची, त्यांना धार लावायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच मंडळींतल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गोष्ट खरी आहे. तिचं सांगितलं जाणारं तात्पर्य खोटं आहे. शांतता आली आणि तलवारीची सतार झाली, असं ते तात्पर्य.

ही शांतता कुणाची? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मिरजेचे पटवर्धन सरदार कंपनीच्या छत्राखाली आले, फौजा आटल्या. ज्याच्या पागेत शेकडो घोडी होती त्याच्याकडे मिरवणुकीपुरती उरली. शिकलगाराच्या दृष्टीने पाहिलं तर एका तहाने त्याचं सगळं गिऱ्हाईक तोडलं. हातात कसब होतं, घरात खाणारी तोंडं होती, आणि पैसे मोजणारा एकच उरला होता, तो म्हणजे दरबार आणि दरबारचे गवई. शिकलगार तिकडे वळला. आमच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीची ऑर्डर तुटली की जॉबवर्क करणारा दुसऱ्या कंपनीचं ड्रॉइंग मागायला जातो, त्याला कुणी शांततेचा पुजारी म्हणत नाही. फरीदसाहेबांची थोरवी कमी करायचा माझा हेतू नाही. उलट, बेकारीतून मान वर काढणाऱ्या माणसाची हुशारी मला शांततेच्या प्रसादापेक्षा मोठी वाटते.

सतारमेकर गल्लीत जवारी काढताना पाहिलं की हे आणखी पटतं. तंबोऱ्याच्या तबलीवर घोडी बसवलेली असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्यांना न कळणारा बाक असतो, आणि तारेने त्या उतारावर ओझरतं घासून जायचं असतं. कारागीर कानस दोनदा फिरवतो, भुकटी फुंकतो, तार चढवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो. तार उतरवून पुन्हा कानस. केसभर जास्त गेली की आवाज मुका होतो, कमी गेली तर तार नुसती खणखणते. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो पुढे-मागे सरकवायचा, आवाज खुलेपर्यंत. ज्या हाताने पिढ्यानपिढ्या पात्याची धार अंगठ्यावर जोखली त्याच हाताचं हे काम आहे. युद्धाने शिकवलेला हात संगीतात तसाच्या तसा आला. खालची पायरी सोडून कुणी वर चढलं असं इथे काही दिसत नाही.

पुढे तर गुंता वाढतोच. भोपळे येणार पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, गिऱ्हाईक बसलेलं धारवाडला, पुण्याला, कलकत्त्याला. हा पसारा पेलला रेल्वेने. आणि दक्षिण मराठा रेल्वे इकडे आली ती १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, असा दुष्काळ पुन्हा पडला तर धान्य पोचवता यावं हे एक कारण पुढे करून. म्हणजे मिरजेचं जंक्शन अन्नान्नदशेतून जन्मलेल्या रेल्वेचं. त्याच जंक्शनवरून किराण्याहून निघालेले अब्दुल करीम खाँ दक्षिणेत मैफलींना जात. घर मिरजेत केलेलं, श्रद्धा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर. १९३७ साली मद्रासकडच्या एका प्रवासात वाटेतल्या स्टेशनावरच त्यांनी प्राण सोडला आणि त्यांना आणून दफन केलं ते मिरजेत. दर्ग्याच्या उरुसात आजही गवई हजेरी लावतात ती त्यांच्या स्मरणार्थ. दुष्काळ, आगगाडी, भोपळ्याचा सौदा आणि किराणा घराण्याचा सूर. यातली पहिली पायरी कोणती नि तिसरी कोणती, ते जिनेवाल्यांनी ठरवावं.

आता 'व्यापारी' सांगलीकडे या. ही गादी भांडणातून जन्मली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांचं मिरजेच्या जहागिरीवरून बिनसलं, वाटणी झाली, आणि १८०१ मध्ये आप्पासाहेबांनी कृष्णाकाठच्या लहानशा गावात आपली राजधानी थाटली. भाऊबंदकीने एका गावाचं शहर केलं. नव्या राजधानीला वस्ती हवी, जकात हवी, उसनवार देणारा सावकार हवा, म्हणून पेठा वसल्या आणि वाणी-उदमी आले. बाजार हे इथे भांडणाचं अपत्य आहे. भांडण मिटल्यावर निवांतपणी आलेलं ते फळ नव्हे.

नाटकाची कथा तर पायऱ्यावाल्यांनी मुद्दाम अर्धीच ठेवली आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले, आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. इथवर सगळे सांगतात. राजाश्रय, उदारपणा, नाट्यपंढरी. पण १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि दरबारचा हात आखडला. पात्रं, पोशाख, कर्ज, सगळं भाव्यांच्या गळ्यात. त्यांनी मंडळी घेऊन मुलूख धुंडाळला आणि १८५३ मध्ये मुंबईत, ग्रँट रोडच्या नाट्यगृहात, तिकीट लावून खेळ केला. मराठी नाटक लोकांचं झालं ते या तिकिटाने. सांगलीच्या वाड्यात ते राजाच्या मर्जीवर होतं. मुंबईत दमडी मोजून बसलेल्या परक्या माणसाच्या मर्जीवर आलं, आणि तिथून त्याला जे पाय फुटले ते किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी करत सबंध महाराष्ट्र फिरले. राजाने नाटक जन्माला घातलं हे कबूल. राजाच्या पश्चात ते जगलं कसं, याचं उत्तर बाजारात आहे. आणि मूळ नमुना? तो सीमेपलीकडून, कानडी मुलखातून आलेला. आज सीमावादावर छाती पिटणारे ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचा नारळ फोडतात तेव्हा एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं ते असं: ठीक आहे, मिरज-सांगलीत गुंता असेल, पण कारखान्यात कसली आली आहे संस्कृती? तिथे शिफ्ट असते. इथे मला किर्लोस्करवाडीचं नाव घ्यावं लागतं.

बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. साल १९१०. योगायोग असा की त्याच साली इंग्लंडमध्ये नॉर्मन एंजेलचं एक पुस्तक गाजत होतं. देशांचे व्यवहार एकमेकांत इतके गुंतलेत की युद्ध जिंकणाऱ्यालाही ते परवडणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. त्याच्याही आधी, १७४८ मध्ये, माँतेस्क्यूने लिहून ठेवलं होतं की व्यापाराने माणसांचे स्वभाव मऊ होतात. हे मऊपण प्लासीला, म्हणजे नऊच वर्षांनी, बंगालने पाहिलं. एंजेलच्या पुस्तकानंतर चौथ्या वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

त्या युद्धाने किर्लोस्करांचं काय केलं? परदेशी माल येणं थांबलं, देशी नांगराला मागणी वाढली, पण बीड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या निकामी तोफा वितळवायला दिल्या, अशी आठवण या भागात सांगितली जाते. तोफेचा नांगर झाला, हे वाक्य भाषणात फार छान दिसतं. फक्त तो युद्ध संपल्यामुळे झाला नाही, युद्ध पेटल्यामुळे झाला. सतारीच्या गोष्टीला शांततेचं शेपूट जोडणाऱ्यांनी ही गोष्टही सांगावी, आणि मग तात्पर्य काढून दाखवावं.

आणि संस्कृतीचं विचारलंत ना? त्याच वाडीतून, जिथे वाळूचे साचे भरले जात आणि ओतीव नांगर निघत, तिथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवातीला ते कारखान्याचंच पत्रक होतं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं, पुढे १९३० मध्ये 'स्त्री', मग 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना विज्ञान, स्त्रीशिक्षण, बुवाबाजीवरचा हल्ला हे सगळं ज्या अंकांतून मिळालं, त्यांचा पत्ता पुण्याच्या सदाशिव पेठेचा नव्हता, औंध संस्थानातल्या माळावरच्या एका फौंड्रीचा होता. संस्कृती भट्टीपासून दूर राहते असं म्हणणाऱ्याने आपल्या आजीच्या कपाटातले जुने अंक उघडून पाहावेत.

कुपवाडच्या फौंड्र्या, लेथ, जॉबशॉप हे याच वंशावळीतलं आहे. किर्लोस्करवाडीत हात तयार झालेली माणसं बाहेर पडली, कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं, कुणी कऱ्हाडकडे, कुणी सांगली-मिरजेकडे. फेटलिंगला बसलेला पोरगा कास्टिंगच्या कडेला आलेली धस ग्राइंडरने उडवतो आणि मग कानस घेऊन कोपरा हाताने साफ करतो. मिरजेच्या गल्लीतली कानस आणि ही कानस यांत अंतर पाच-सात किलोमीटरचं. एकीला मानांकन मिळतं, दुसरीला पीसरेट.

आता त्या दुसऱ्या गोड समजुतीकडे वळू: व्यापार माणसं जोडतो, भांडण तोडतं. हळदीचं पाहा. सांगलीच्या पेठेत हळद येते ती एकट्या सांगली जिल्ह्याची नाही. मराठवाड्यातून येते, तेलंगणातून येते. तिच्या पट्टीवर अडत, तोलाई, हमाली, कडता असे जे रकाने असतात, त्यातल्या एकेकामागे कुणाचा ना कुणाचा तंटा आहे. बाजारांत पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा आणि शेतकरी शेजारी उभा राहून दोघांची तोंडं पाहायचा. या हत्ता पद्धतीला कायद्याने मनाई झाली ती कुणाचा स्वभाव मऊ झाला म्हणून नव्हे. हमालांना १९६९ चा माथाडी कायदा मिळाला तोही संघटना करून, काम बंद पाडून. आज व्यापारी, शेतकरी आणि हमाल एका ओट्यावर चहा पितात, खरं आहे. आधी भांडून हिशेब लेखी झाला, म्हणून पितात.

मोठ्या नकाशावर तीच गत. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. पुरावा कसला दिला? जुने ग्रंथ आणि छापील लेख. घरोघर आया लावत आल्या होत्या ती चिमूटभर हळद एका व्यापारी लढाईत साक्षीला उभी राहिली. याला संस्कृती म्हणायचं, व्यापार म्हणायचं की संघर्ष?

मग उलट्या बाजूने कुणी म्हणेल, व्यापार नसेल जोडत, पण कला तरी जोडते. मिरजेचा दर्गा बघा. दर्गा मीही सांगतो, वर सांगितलाच. पण सप्टेंबर २००९ मध्ये याच मिरजेत गणेशोत्सवात अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल उसळली, संचारबंदी लागली, लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेलं. ती कमानही कुणा पेंटरची कलाच होती. तिच्यावरचा प्रसंग १६५९ चा, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची लढाई, आणि तिचा उपयोग झाला तो आजच्या लढाईला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर याच पट्ट्यात ब्राह्मणांची घरं, दुकानं, कारखाने जळले. जाळणारे आणि जळणारे वर्षानुवर्षं एकाच बाजारातले देणेकरी-घेणेकरी होते. बाजाराने त्यांना जोडलं होतं आणि त्या जोडातच राग साठलेला होता. संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी सुरांची यादी करताना कमानीही यादीत घ्याव्यात. नाहीतर तो इतिहास राहत नाही, सत्काराची शाल होते.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. तो असा: हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे असं म्हटलं की काहीच सांगितल्यासारखं होत नाही, निदान जिन्यामुळे क्रम तरी कळतो. यावर माझं उत्तर आहे की गुंता म्हणजे गोंधळ नव्हे. वर दिलेल्या प्रत्येक प्रसंगात एक गोष्ट नेमकी दाखवता येते: पैसे देणारा किंवा माल पुरवणारा बदलला आणि हात तेच राहिले. शिकलगाराचा धनी सरदार होता, मग गवई झाला. भाव्यांचा धनी राजा होता, मग तिकीट काढणारा झाला. नांगर करणाऱ्याचा कच्चा माल आधी विलायती होता, मग गडावरची तोफ झाली. हा बदल का झाला याचं कारण बहुतेक वेळा तह, तंटा, दुष्काळ किंवा युद्ध. म्हणून सतारीचा इतिहास लिहायला बसलात तर तंबोऱ्याच्या आधी १८१८ चं कलम वाचावं लागतं. हा क्रम जिन्यापेक्षा अवघड आहे, पण तपासून पाहता येतो.

जिन्याचं खरं काम वेगळंच आहे, आणि माझा राग तिथे आहे. जिना मानला की काही माणसांना 'अजून खालच्या पायरीवर' ठेवता येतं. जतच्या दुष्काळी गावातून, अथणीकडून, बिहार-ओडिशातून आलेला माणूस कुपवाडच्या शेडमध्ये भट्टीपुढे उभा राहतो. त्याची छटपूजा, त्याचं भजनी मंडळ, बेदाणा निवडायला बसलेल्या बायकांची गाणी, हे 'अजून' संस्कृतीत धरायचं नसतं, कारण त्यांची आधी पोटं भरायची आहेत म्हणे. शिकलगारांची पोटं भरलेली होती काय? भाव्यांवर कर्ज होतं. नाट्यगृहं, संग्रहालयं, महोत्सव मंजूर होताना कुपवाडच्या वाट्याला गटार आणि रस्ता येतो, तोही उशिरा, आणि त्यावर कुणाला अन्याय वाटत नाही, कारण जिना मनात पक्का बसलेला आहे.

आणि हा जिना ज्या नदीकाठी बांधला ती नदी तरी त्याला मानते का? हरिपूर, सांगलीवाडीच्या पेवांत पिढ्यानपिढ्या हळद साठवली जायची. घट्ट मातीत खोल खणलेले हौद, आत पाल्याचं अस्तर, वरून तोंड बंद. उघडल्यावर आत आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. त्या बंद पेवांतल्या हळदीच्या भरवशावर लाखोंची उलाढाल व्हायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीची पेठ पुन्हा बुडाली. दोन्ही वेळा बोट दाखवलं गेलं ते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याकडे. कृष्णा लवादाने २०१० मध्ये त्या धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायला परवानगी दिली आहे, कर्नाटकाला ती हवी आहे, महाराष्ट्राचा विरोध आहे. दोन राज्यं पाण्यासाठी भांडताहेत, त्या भांडणामुळे व्यापारी माल कुठे ठेवायचा याचा विचार करतो आहे, आणि बेदाण्याची खोकी रचलेली शीतगृहं उभी राहताहेत ती नदीपासून दूर, उंचावर, कुपवाडच्या माळावर. हळदीची पेठ उद्या आणखी इकडे सरकली तर तिच्या मागोमाग हमाल, चहावाले, भजनी मंडळं, युनियन आणि त्यांचे तंटेही इकडे येतील. तेव्हा कुपवाडला कोणत्या पायरीवर बसवायचं ते जिनेवाल्यांनी आत्ताच सांगून टाकावं.